छेद लहान झाला, वाट जवळ आली

(अलिबाग येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, छपाईसाठी थोडा सावरून)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते वक्ता लांबला की खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवत, असं आयोजकांनी मला आधीच सांगून ठेवलंय. म्हणून प्रास्ताविक गाळतो.

विषय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा. या सभागृहात असं एकही घर नसेल, जिथे आईचं, आजोबांचं किंवा स्वतःचं हे ऑपरेशन झालेलं नाही. या शस्त्रक्रियेच्या प्रगतीची गोष्ट सहसा यंत्रांच्या नावांनी सांगितली जाते. दवाखान्यांच्या जाहिरातीही तशाच असतात. मी मात्र एक मोजपट्टी घेऊन आलोय. डोळ्यावर घेतलेला छेद किती मिलिमीटरचा, एवढंच तिनं मोजायचं. त्या लांबीवर टाके ठरतात, टाक्यांवर अंथरुणातले दिवस ठरतात, आणि माणूस पुन्हा होडीवर कधी चढणार हेही त्या दिवसांवर ठरतं. रायगडच्या किनाऱ्यावर, जिथे हातावर पोट असलेला माणूस महिनाभर घरी बसू शकत नाही, तिथे हीच मोजपट्टी खरी.

आधी डोळ्यात असतं काय ते पाहू. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. साधारण नऊ-दहा मिलिमीटर रुंद, चारेक मिलिमीटर जाड, एका पातळ पिशवीत बसवलेलं. आपल्याकडच्या ताडगोळ्यासारखं समजा: कोवळं असताना नितळ आणि मऊ, जून झालं की घट्ट आणि धुरकट. यातली प्रथिनं जन्मभर टिकावी लागतात, ती बदलून मिळत नाहीत. वय, मधुमेह, स्टेरॉइड, तंबाखू, ऊन यांचा मार ती साठवत जातात आणि शेवटी गढूळ होतात. थेंब घालून हा गढूळपणा जात नाही. तसे थेंब विकणारे आहेत, पण त्यांनी मोतीबिंदू गेल्याचं सिद्ध झालेलं नाही.

माझी मोजपट्टी पहिल्याच पायरीवर फसते, हे कबूल करायला हवं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जवाच्या टोकासारख्या शलाकेनं डोळ्याला बारीक भोक पाडून हा दोष दूर करण्याची कृती आहे. छेद म्हणाल तर टोचल्याइतकाच. पण या रीतीत भिंग डोळ्याबाहेर येत नसे, ते बाजूला ढकललं जाई. रोग्याला लगेच उजेड दिसे, गावभर वाहवा होई, आणि पुढे कित्येकांचा डोळा सुजून, दाब वाढून कायमचा जाई. गावोगाव फिरणाऱ्या वैदूंनी हीच रीत विसाव्या शतकापर्यंत चालवली. डोळा जाईपर्यंत ते पुढच्या गावी पोचलेले असत, त्यामुळे सहा महिन्यांनी काय झालं हे पाहायला कुणी नसे. सुश्रुताचं पथ्य मात्र वाचण्यासारखं आहे. शिंकू नये, खोकू नये, ढेकर देऊ नये, अंग हलवू नये. तुमच्या आजीला इस्पितळात हेच सांगितलं होतं, आठवतं का? दीड-दोन हजार वर्षं पथ्य बदललं नाही, कारण डोळ्याची जखम घट्ट बंद करण्याचा उपाय सापडला नव्हता.

भिंग ठरवून डोळ्याबाहेर काढण्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाक दाव्हिएलनं १७४७ मध्ये केली. इथे छेद एकदम मोठा झाला. विसाव्या शतकात भिंग पिशवीसकट काढायची पद्धत आली, आणि पुढे ते गोठवलेल्या टोकाला चिकटवून ओढून घेत. त्यासाठी बुबुळाच्या कडेनं जवळजवळ अर्धवर्तुळ कापावं लागे, बारा ते चौदा मिलिमीटर. मग टाके. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उताणं पडून राहायचं, आणि डोळ्यांवर हिरवी पट्टी. एवढं सोसून जो चष्मा मिळे तो दहा नंबरचा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा.

या चष्म्याबद्दल जरा थांबून बोलतो, कारण तरुण डॉक्टरांनाही आता त्याची कल्पना नाही. तो वस्तू पंचवीस-तीस टक्के मोठ्या दाखवायचा. जिना जवळ वाटायचा, पाऊल आधीच पडायचं. कडेचं काही दिसायचंच नाही आणि मान वळवली की माणूस अचानक समोर उभा राहायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांच्या दोन आकारांच्या प्रतिमा जुळत नसत. अशा नजरेनं रेवसच्या धक्क्यावरून हलत्या लाँचमध्ये पाऊल टाकायचं किंवा मचव्यावर जाळं ओढायचं! आणि चष्मा पाण्यात पडला की माणूस पुन्हा आंधळा. शिबिराच्या नोंदीत मात्र तो ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ म्हणूनच राहायचा.

यावरचा उपाय युद्धातून आला. १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या हरिकेन विमानाचं छत फुटून त्याचे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी अशा जखमी वैमानिकांचे डोळे पाहिले. परका पदार्थ आत असूनही डोळा बंड करत नव्हता. पुढे एका विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं, ‘काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही?’ २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी याच प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा डोळ्यात बसवलं. हिशेब चुकला आणि रुग्णाला भलामोठा उणे नंबर लागला. इंग्लंडच्या नेत्रवैद्यकातल्या मातब्बरांनी त्यांना कित्येक वर्षं झिडकारलं. सन २००० मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, तोवर त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही असंच भिंग बसलं होतं. भारतात हे भिंग रुजवलं ते अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी, १९७६ पासून.

रिडलींचा चुकलेला हिशेब ही पुढच्या प्रगतीची निम्मी गोष्ट आहे. डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर अडीच ते तीननं चुकतो. पूर्वी सर्वांना सरासरी नंबरचं भिंग बसवत. मग ध्वनिलहरींनी लांबी मोजायला लागले, आणि १९९९ नंतर डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशकिरणांनी मोजणारी यंत्रं आली. जाहिरातीत या मोजणीचं नाव क्वचित येतं. पण मला विचाराल तर ऑपरेशनच्या झगमगत्या यंत्राइतकंच मोल या शांत मोजणीचं आहे.

छेद लहान करण्याचं श्रेय न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स केलमन यांचं. दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना दात साफ करणारं थरथरतं उपकरण त्यांनी पाहिलं, आणि भिंगही असंच फोडून ओढून घेता येईल असं त्यांच्या मनात आलं. १९६७ मध्ये त्यांनी ते माणसावर केलं. हीच आपली ‘फेको’. सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा थरथरणारी पोकळ सुई भिंगाचा चुरा करते आणि तो शोषून घेते. भिंगाची पिशवी मागे शाबूत राहते, नवं भिंग तिच्यातच बसतं. गंमत अशी, की जुनं भिंग तीन मिलिमीटरमधून निघालं तरी सहा मिलिमीटरचं कडक नवं भिंग आत घालायला छेद पुन्हा वाढवावाच लागे. १९८४ च्या सुमारास डॉ. थॉमस मॅझोको यांनी दुमडता येणारं सिलिकॉनचं भिंग आणलं, तेव्हा हा तिढा सुटला. आज छेद सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरचा असतो. टाका लागत नाही, बहुतेकांना इंजेक्शनऐवजी थेंबांनीच डोळा बधिर करतात, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.

आता फेकोचं यंत्र महाग, सुटे भाग महाग, दुमडणारं भिंग महाग. गरीब देशात काय करायचं? याचं उत्तर ज्या ठिकाणांहून आलं, त्यात आपलं पुणेही आहे, आणि ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशी सांगितली जात नाही याची मला खंत आहे.

यंत्राशिवाय, सहा-सात मिलिमीटरच्या तिरप्या बोगद्यासारख्या छेदातून अख्खं भिंग बाहेर काढायचं. बोगदा आतल्या दाबानंच मिटतो, टाका लागत नाही. डॉक्टर याला एसआयसीएस म्हणतात, लोक ‘बिनटाक्याचं’ म्हणतात. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची कसोटी लावली. रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटायचे आणि सहा आठवड्यांनी कुणाला किती दिसतं ते मोजायचं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ७४१ रुग्ण होते. टाक्यांच्या जुन्या पद्धतीत ३७ टक्क्यांना चष्म्याशिवाय बऱ्यापैकी, म्हणजे ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसलं. बिनटाक्याच्या पद्धतीत ४८ टक्क्यांना. मग त्यांनी चारशे डोळ्यांवर फेकोशी सामना लावला. २००५ च्या त्या निकालात चष्म्याशिवाय चांगलं दिसणारे फेकोत ८१ टक्के होते, एसआयसीएसमध्ये ७१. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या वर. आणि फेकोचा खर्च अडीचपटीहून जास्त.

म्हणजे फेको सरस आहे, यात वाद नाही. पण जी स्वस्त पद्धत आपण गरिबांसाठी नाइलाज म्हणून वापरतो असं वाटत होतं, ती नाइलाज नव्हती. कडक, काळपट झालेल्या मोतीबिंदूत तर अनेक अनुभवी सर्जन आजही तीच निवडतात. तिकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भिंगं देशातच बनवायला घेतली. शंभर डॉलरच्या घरातली वस्तू काही डॉलरवर आली. अरविंदनंच पुढे सहा लाखांहून जास्त शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशनच्या शेवटी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे साधं औषध डोळ्यात सोडलं, तर आतल्या संसर्गाचं प्रमाण दहा हजारांत सातावरून दोनावर येतं असं त्यांत दिसलं.

नोंदीवरून एक अवांतर. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी भोसले यांच्या काळातले, म्हणजे १७९८ ते १८३२ मधले, नेत्ररुग्णांचे केसपेपर डोळ्यांच्या चित्रांसह तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत. त्यांनी वापरलेली औषधं आज कुणी वापरणार नाही. पण रुग्ण कसा आला आणि उपचारानंतर कसा होता, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या दरबारात होती. फिरत्या वैदूत आणि डॉक्टरात फरक शलाकेचा नाही, या कागदाचा आहे.

महाराष्ट्रात बिनटाक्याची शस्त्रक्रिया सामान्यांपर्यंत नेण्याचं काम सरकारी रुग्णालयातूनही झालं. जे. जे. रुग्णालयात त्या काळी असलेले डॉ. तात्याराव लहाने, डॉ. रागिणी पारेख आणि त्यांच्या पथकाचं नाव त्यात आधी घ्यावं लागेल. आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर त्यांनी केलेलं काम सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडून रेवसची लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरलं की भायखळ्याचं जे. जे. जवळच. किनाऱ्यावरच्या पिढ्या त्याच वाटेनं गेल्या.

याच काळात शिबिरांचं रूप पालटलं. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्यानं सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गात बाकं जोडून ऑपरेशन करायचं सोडून, गावात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया पक्क्या थिएटरमध्ये, अशी रीत बसली. ती मोडली की काय होतं ते २०१४ मध्ये पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या शिबिरानं दाखवलं. साठेक माणसांची दृष्टी गेली. तेव्हा फुकट शिबिराचा फलक दिसला, तर तपासणी कुठेही करून घ्या, पण ऑपरेशन कुठल्या थिएटरमध्ये होणार हे विचारल्याशिवाय आईला गाडीत बसवू नका.

आता आपला किनारा. चेसापीक उपसागर अमेरिकेत आहे, पण तिथल्या मच्छीमारांवरचा एक अभ्यास आपल्या कोळीवाड्यात वाचून दाखवावा असा आहे. डॉ. ह्यू टेलर आणि सहकाऱ्यांनी ८३८ दर्यावर्दी लोकांच्या आयुष्यभराच्या उन्हाचा हिशेब मांडला आणि तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. अतिनील किरणांचा साठा दुप्पट झाला, की भिंगाच्या कडेनं सुरू होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असं त्यांना आढळलं. मधल्या गाभ्याच्या मोतीबिंदूशी मात्र संबंध दिसला नाही. कडेचा हा मोतीबिंदू असलेल्या माणसाला तक्ता बरा वाचता येतो, पण पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घुसते. तांडेल म्हणतो, ‘दिसतं, पण दुपारी काही सुधरत नाही.’ घरचे म्हणतात, वय झालं. मुरूड, बोर्ली, श्रीवर्धनचे मच्छीमार आणि उरणच्या मिठागरांवर राबणारे लोक याच उन्हातले. कडा असलेली टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा यांनी धोका कमी होतो. टाळता मात्र येत नाही.

उपचाराच्या जागा आता जवळ आल्या आहेत. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. पनवेलला डॉ. सुहास हळदीपूरकरांनी उभारलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे. मुंबईला जायला मांडव्याहून रो-रो, न्हाव्याहून अटल सेतू. तरीही श्रीवर्धनच्या म्हातारीला पनवेल म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडवून केलेला प्रवास. देशाच्या २०१५ ते २०१९ च्या पाहणीत, पन्नाशीपुढच्या आंधळ्या माणसांपैकी ६६ टक्के मोतीबिंदूनंच आंधळी होती. इतकं चांगलं तंत्र हाताशी असताना! सोबत कुणी येत नाही, पैशाची भीती वाटते, आणि बाई असेल तर तिचा नंबर घरात शेवटी लागतो.

महागड्या गोष्टींबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून माझं मत सांगून टाकतो. ‘रोबोटिक’, ‘ब्लेडलेस’ म्हणून जे विकलं जातं, ते बहुधा फेम्टोसेकंद लेझर असतं. बुडापेस्टच्या डॉ. झोल्तान नॉज यांनी २००८ मध्ये ते मोतीबिंदूसाठी पहिल्यांदा वापरलं. हे लेझर छेद घेतं, पिशवीला गोल तोंड पाडतं, भिंगाला चिरा देतं. पुढचं फेको सर्जनलाच करावं लागतं. फ्रान्समध्ये नऊशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: खर्च जास्त, फायदा साध्या फेकोपेक्षा जास्त नाही. हे लेझर वाईट नाही. पण त्यासाठी कर्ज काढू नका, दागिने मोडू नका.

भिंगाची निवड मात्र विचारानं करावी. तिरप्या नंबरासाठीचं टॉरिक भिंग ज्याला तो नंबर आहे त्याला खरोखर उपयोगी पडतं. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल भिंगानं चष्मा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात कडा फिक्या पडतात. दुकानात बसणाऱ्याला ते चालेल. खांदेरीचा नाहीतर कोर्लईचा दिवा हेरून रात्री बंदरात शिरणाऱ्या नाखव्याला मी ते बसवणार नाही. त्याला दूरच्या नंबरचं साधं एकनाभी भिंग, आणि जाळं सांधायला जवळचा चष्मा. हा सल्ला स्वस्त आहे, म्हणून कमी प्रतीचा समजू नका. तुमचं काम काय, हे न विचारता जो भिंगाचं पॅकेज सांगतो, त्याच्याकडून उठून यावं.

आणखी एक तक्रार नेहमी येते: ‘डॉक्टर, मोतीबिंदू परत आला.’ तो परत येत नाही. भिंगामागची शाबूत ठेवलेली पिशवी काही वर्षांनी धुरकट होते. याग लेझरनं काही मिनिटांत तिला खिडकी पाडता येते, बाहेरच्या बाहेर.

शेवटचा मुद्दा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा. ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्ला बारा मिलिमीटरच्या छेदाच्या काळातला आहे. तेव्हा ऑपरेशनचाच धोका मोठा आणि वर तो चष्मा, म्हणून पार दिसेनासं होईपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं. आता उलट झालंय. भिंग जितकं जून, तितकी ते फोडायला जास्त ताकद लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना तितकी जास्त इजा होते. अति झालं तर भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब चढतो. ठणका लागतो, डोळा लाल होतो, आणि तेव्हा गेलेली नजर कोणतंही यंत्र परत आणत नाही. कामात अडचण यायला लागली की वेळ झाली, असं समजा. घाईही नको. ज्याला काहीच अडत नाही, त्याचा मोतीबिंदू केवळ यंत्रात दिसला म्हणून काढायची गरज नाही.

‘थंडीतच करायचं’ हाही त्याच काळातला नियम. थिएटर स्वच्छ असेल आणि थेंब वेळेवर घातले जात असतील, तर पावसाळ्यातही ऑपरेशन तितकंच सुरक्षित. आणि किनाऱ्यासाठी तर पावसाळाच सोयीचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारलेल्या, खलाशी घरी, सोबत जायला मुलगा मोकळा. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर डोळ्यात खारं पाणी, मासळीचे हात आणि धूळ जाऊ द्यायची नसते. तेवढा अवधी या बंदीत सहज निघतो, आणि चष्म्याचा नंबर ठरेपर्यंत नारळी पौर्णिमा येते. मांडव्याच्या लाँचेस त्या दिवसांत बंद असतात हे खरं, पण अलिबागला आणि पनवेलला एसटी जाते.

या सभागृहात मच्छीमार सोसायट्यांचे पदाधिकारी बसले आहेत. माझी त्यांना विनंती आहे, की डिझेलच्या आणि बर्फाच्या यादीसोबत मे महिन्यात आणखी एक यादी करा: आपल्या वाड्यातल्या पन्नाशीपुढच्या बाया-पुरुषांची, बायांची नावं आधी. त्यांचे डोळे, साखर आणि रक्तदाब मे अखेरपर्यंत तपासून घ्या. ज्यांना गरज आहे, त्यांच्या जूनमधल्या तारखा तेव्हाच लावून घ्या.